गाठीचं कूळ

रिपोर्ट न्यायला आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, साधी गाठ आहे की वाईट?" बाकी कागदावर काय लिहिलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, आणि ते बरोबरच आहे. स्तनाची किंवा आतड्याची गाठ असेल तर बहुतेक वेळा मीही एका शब्दात सांगून मोकळी होते. नाकातल्या आणि सायनसमधल्या गाठींचं तसं नाही. तिथे "वाईट" म्हटल्यावर काम जेमतेम निम्मं झालेलं असतं. मायक्रोस्कोपखाली जवळजवळ सारख्याच दिसणाऱ्या दोन गाठींपैकी एक माणसाला वर्षभरात नेते आणि दुसरी काढून टाकल्यावर तोच माणूस वर्षानुवर्षं शेतात राबतो. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. आमचा धंदा नेमका तोच आहे.

मी सोलापुरात पॅथॉलॉजी करते. पंढरपूर, अक्कलकोट, धाराशिव, हद्दीपलीकडचं विजयपूर, सगळीकडून तुकडे येतात. नाकाचे तुकडे त्यात बरेच असतात, पण बहुतेक निरुपद्रवी. साधे पॉलिप, जुनाट सूज, कधी बुरशी. डोकं आणि मान या भागात होणाऱ्या कॅन्सरमध्ये नाक आणि सायनसचा वाटा पाच टक्क्यांहून कमी आहे. आपल्याकडे तंबाखूने तोंडाच्या कॅन्सरची एवढी गर्दी करून ठेवलीय, की नाकाकडे संशयाने बघायची सवयच कुणाला नाही. नाकातून रक्त आलं की घोळणा फुटला म्हणायचं, कांदा हुंगायला द्यायचा, डोक्यावर पाणी मारायचं आणि उन्हाला दोष द्यायचा. सोलापूरच्या उन्हात हे खपूनही जातं. लहान मुलांचा घोळणा खरंच उन्हाने आणि बोट घालण्याने फुटतो. पण पन्नाशीच्या माणसाची एकच नाकपुडी कित्येक महिने चोंदलेली असेल आणि त्याच बाजूने अधूनमधून रक्त येत असेल, तर त्यात उन्हाचा काही संबंध नाही. दोन्ही नाकपुड्या बंद असतील तर मी निवांत असते. एकच बंद असली की खुर्ची पुढे ओढून बसते.

नाकात एवढ्या प्रकारच्या गाठी का होतात, हा प्रश्न मला शिकताना पडायचा. उत्तर सोपं आहे: त्या एवढ्याशा पोकळीत शरीराने नाना प्रकारचा माल भरून ठेवलाय. पुढे त्वचा, आत श्वासनलिकेसारखं केसाळ अस्तर, त्याखाली लाळग्रंथींच्या जातीच्या ग्रंथी, छताला वास घेणाऱ्या चेतापेशी, भोवती हाड, कूर्चा, रक्तवाहिन्या. ज्याला वेड लागेल त्याची गाठ. या अस्तराला आम्ही अजून श्नायडरचं अस्तर म्हणतो. सतराव्या शतकात विटेनबर्गच्या कॉन्राड श्नायडरने शेंबूड मेंदूतून गळतो ही प्राचीन समजूत खोडून काढली आणि तो इथल्या अस्तरातच तयार होतो हे दाखवलं. सर्दीवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला होता. सर्दी झालेल्या माणसाचा मेंदू वितळत नाहीय, एवढं सांगण्यासाठी कुणाला तरी आयुष्य घालवावं लागलं!

तर तुकडा येतो. मेणाच्या ठोकळ्यातून अगदी पातळ काप काढून त्यावर निळा-गुलाबी रंग चढवतात आणि काच माझ्यासमोर येते. नाकाच्या वाईट गाठींमध्ये फार वेळा एकच दृश्य दिसतं: छोट्या, गोल, निळ्याजर्द पेशींचे थवेच्या थवे. एवढ्यावरून फारसं काही कळत नाही. लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, असा दिसतो, वासाच्या चेतापेशींची गाठ अशी दिसते, रंगद्रव्य हरवलेला मेलॅनोमा असा दिसतो, मुलांमधला स्नायूचा सार्कोमाही असाच. पूर्वी यातलं जे कशातच बसायचं नाही, त्याला १९८६ साली एक नाव मिळालं: सायनोनेझल अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा, बोलताना 'स्नक'. पुढची वीस-पंचवीस वर्षं ते एक गाठोडंच होतं. ओळख पटली नाही की टाक त्यात.

माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर ते गाठोडं सुटलं. त्यातून एक निघाला नट कार्सिनोमा. क्रोमोसोम १५ वरचा नट नावाचा जीन भलतीकडे, बहुतेकदा १९ वर जाऊन चिकटतो आणि एक अत्यंत भयंकर कॅन्सर तयार होतो. तरुण माणसांनाही होतो, आणि बहुतेकांना वर्षभरही मिळत नाही. ओळखायला एकच मार्कर, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चढणारा रंग, पुरतो, पण तो लावायचं सुचलं पाहिजे. २०१४ मध्ये आणखी एक वेगळा काढला गेला, ज्यात आयएनआय-१ हे प्रथिन पेशींमधून नाहीसं झालेलं असतं. एरवी आम्ही रंग कुठे आलाय ते शोधतो; या गाठीत रंग कुठून गेलाय ते शोधायचं. उरलेल्या 'स्नक'पैकी बऱ्याच गाठींमध्ये आयडीएच-२ या जीनमध्ये बदल सापडला. आणि याच काळात, याच गाठोड्याच्या आसपास, विषाणूंनी केलेल्या गाठीही वेगळ्या दिसायला लागल्या. मला सगळ्यात जास्त गोडी त्यांची.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, आपल्याला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळे माहीत आहे. हाराल्ड त्सुर हाउसेन यांना त्यासाठी २००८ चं नोबेल मिळालं. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी तो कॅन्सर करतो हेही आता जुनं झालं. पण नाकात? अमेरिकेत जस्टिन बिशप आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक गाठ वर्णन केली. नाक-सायनस सोडून ती त्यांना कुठे सापडत नव्हती, आणि तिच्यात जास्तीच्या जोखमीचा एचपीव्ही होता. दिसायला ती थेट अडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा या ग्रंथींच्या कॅन्सरसारखी: चाळणीला असतात तशी गोल भोकं पडलेले पेशींचे पुंजके, आतल्या बाजूला नलिकेच्या पेशी, बाहेरून स्नायूसदृश पेशींचं कडं. चार वर्षांनी ४९ रुग्णांची मोठी मालिका आली तेव्हा लक्षात आलं की हिची रूपं त्याहून कितीतरी जास्त आहेत. कुठे कूर्चेसारखी, कुठे सार्कोमासारखी. म्हणून तिला 'बहुरूपी' अर्थाचं लांबलचक नाव मिळालं: एचपीव्ही-रिलेटेड मल्टिफिनोटिपिक सायनोनेझल कार्सिनोमा. आम्ही आपलं एचएमएससी म्हणतो.

या गाठीचं वागणं तिच्या दिसण्याला अजिबात शोभत नाही. काचेवर ती महाभयंकर दिसते. पेशी भराभर विभागतायत, मधे मेलेल्या पेशींची बेटं, हाड पोखरलेलं. एखाद्या नवख्या डॉक्टरने ही काच पाहिली तर तो मनातल्या मनात रुग्णाचे महिने मोजायला लागेल. आणि त्या मालिकेत काय आढळलं? जवळपास एक तृतीयांश लोकांमध्ये गाठ त्याच जागी पुन्हा आली, पण लांब पसरण्याचं प्रमाण अगदी थोडं, आणि या गाठीने मेलेला माणूस एकही नाही. खऱ्या अडिनॉइड सिस्टिकचं बरोबर उलटं. तो दिसायला कित्येकदा शांत, सोज्वळ असतो, वाढतो हळू, पण नसांच्या कडेकडेने सरपटत कवटीच्या तळापर्यंत जातो आणि दहा-पंधरा वर्षांनी, सगळे विसरल्यावर, फुप्फुसात उगवतो.

मग फरक कसा करायचा? पहिली खूण फुकटची आहे, तिला डोळे लागतात फक्त. एचएमएससीमध्ये खूपदा गाठीच्या वरच्या अस्तरातही बिघाड दिसतो. गर्भाशयमुखाच्या तुकड्यात आम्ही रोज बघतो तसाच. अडिनॉइड सिस्टिक खालच्या ग्रंथींतून येतो, त्याचं वरच्या अस्तराशी काही देणंघेणं नसतं. म्हणून तुकडा आला की मी आधी त्याची कड शोधते. आख्खा तुकडा नुसता गाठीचाच असेल, अस्तराचा धागाही नसेल, तर मला वैताग येतो. दुसरी खूण जीनची: अडिनॉइड सिस्टिकमध्ये बहुतांश वेळा एमवायबी हा जीन दुसऱ्या जीनला जोडला गेलेला असतो, एचएमएससीमध्ये तो जोड सापडत नाही. आणि तिसरी, निर्णायक खूण म्हणजे खुद्द विषाणू.

इथे पी-१६ चा घोटाळा येतो, आणि तो आपल्याकडे सर्रास होताना दिसतो. एचपीव्हीचं ई-७ नावाचं प्रथिन पेशीचा एक ब्रेक निकामी करतं. पेशी घाबरून दुसरा ब्रेक, म्हणजे पी-१६, धबाधबा तयार करते. तो तपकिरी रंगात दिसतो. टॉन्सिलमध्ये ७० टक्क्यांहून अधिक पेशी अशा रंगल्या की बहुतेक ठिकाणी एचपीव्ही आहे असं मानून पुढे जातात, आणि तिथे ते चालतं. नाकात चालत नाही. विषाणूचा लवलेश नसताना पी-१६ भरघोस रंगलेल्या गाठी नाकात भेटतात. पेशीला तो ब्रेक दाबायला दुसरी कारणंही असतात. त्यामुळे नाकात पी-१६ निगेटिव्ह आला तर एचएमएससीचा संशय बराचसा मिटतो, पण पॉझिटिव्ह आला म्हणून विषाणू सिद्ध होत नाही. त्यासाठी विषाणूच्या ई-६ आणि ई-७ जीनचा आरएनए प्रत्यक्ष गाठीच्या पेशीत शोधणारी तपासणी करावी लागते. पीसीआर करून विषाणूचा डीएनए सापडला, तरी तो वाटसरू असू शकतो. आरएनए सापडला म्हणजे तो तिथे कामाला लागलाय.

ही तपासणी आमच्या शहरात होत नाही. मग ब्लॉक, म्हणजे तो मेणाचा ठोकळा, मुंबईला जातो. कधी कुरिअरने, पण बऱ्याचदा रुग्णाचा मुलगा किंवा भाऊच तो डबीत घालून, रुमालात गुंडाळून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर घेऊन जातो. सकाळी परळला टाटा मेमोरियलच्या रांगेत. शर्टाच्या खिशात गाठीचा मेणाचा ठोकळा घेऊन माणसं प्रवास करतात. "मॅडम, उन्हात वितळणार नाही ना?" असं एकाने विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. मी त्याला मे महिन्यात बाइकच्या डिकीत ठेवू नको म्हणून सांगितलं.

उलट बाजूचीही एक गाठ आहे, तिच्याबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर भयंकर दिसणारं सगळंच सौम्य असतं असा कुणाचा समज व्हायचा. डीईके आणि एएफएफ-२ या दोन जीनच्या जोडातून होणारा कार्सिनोमा गेल्या काही वर्षांत ओळखला गेलाय. दिसायला इतका गरीब, की तो इन्व्हर्टेड पॅपिलोमा या साध्या गाठीत खपून जातो. पेशी एकसारख्या, कुठे गडबड नाही. आणि हाच पुढे मानेच्या गाठींत जातो. त्यात एचपीव्ही नसतो. नाकाच्या बाबतीत चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला या दोन गाठींनी मिळून शिकवलं.

दुसरा विषाणू एपस्टीन-बार, ईबीव्ही. लहानपणी जवळजवळ सगळ्यांनाच होऊन गेलेला असतो, आणि आयुष्यभर अंगात मुक्काम करतो. नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला तो जो कॅन्सर करतो तो दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडसारख्या ईशान्येच्या राज्यांत जास्त, सोलापुरात क्वचित. तिथली गाठ पुढे नाकात घुसली की ती पुन्हा 'निळ्या पेशींची' होऊन बसते. मग ईबर नावाची तपासणी विषाणूचे बारीक आरएनए पेशीच्या केंद्रकात दाखवते. पण मला जास्त धास्ती ईबीव्हीच्याच दुसऱ्या करामतीची वाटते: एनके/टी-सेल लिम्फोमा. चेहऱ्याचा मधला भाग, नाकाचा पडदा, टाळू, हळूहळू कुजत जातात. जुन्या पुस्तकांत त्याला लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा म्हणत, आणि तो कॅन्सर आहे हेच बराच काळ ठरत नव्हतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात हे अधिकच अवघड झालं. कोविडची दुसरी लाट, स्टेरॉइड, साखर, आणि मागोमाग म्युकर. मे महिन्यात केंद्राने राज्यांना म्युकर नोंद करण्याजोगा आजार ठरवायला सांगितलं. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधासाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांत फोन लावत होते. आमच्याकडे काळ्या खपल्यांचे तुकडे रोज येत. रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे बुरशीचे धागे, रक्तवाहिन्यांत शिरलेले. त्या दिवसांत नाकातली काळी खपली म्हणजे म्युकर हे समीकरण ईएनटीवाल्यांच्या आणि आमच्याही हाडीमाशी भिनलं. लिम्फोमाही रक्तवाहिन्यांभोवतीच जमतो, त्यांना बंद पाडतो, आणि तशीच काळी खपली आणतो. वर वरवरच्या खपलीत इकडचीतिकडची बुरशी येऊन बसली असेल तर झालंच. म्हणून लाट ओसरल्यावर मी एक शिस्त पाळायला लागले: ऊतीच्या आत, वाहिनीत धागे दिसले तरच म्युकर. नाही दिसले आणि सगळा तुकडा मेलेलाच असेल, तर खोलवरचा जिवंत तुकडा पुन्हा मागायचा आणि सीडी-५६ हा या लिम्फोमाचा मार्कर व ईबर लावल्याशिवाय कागद सोडायचा नाही. सर्जन कुरकुरतात. पुन्हा भूल, पुन्हा खर्च. पण एका आजारावर बुरशीचं औषध आणि तुकडे खरवडून काढणं, दुसऱ्यावर रेडिएशन आणि ॲस्पॅराजिनेज हे कॅन्सरचं औषध. चुकीच्या बाजूला गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

विषाणूचं नाव रिपोर्टवर आलं की घरात काय होतं, हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. एचपीव्ही पॉझिटिव्ह. मुलगी मोबाइलवर शोधते, गर्भाशयमुख सापडतं, लैंगिक संसर्ग सापडतो, आणि साठीच्या आईबापांच्या संसारात नको ते प्रश्न उभे राहतात. एका बाईंनी मला दाराशी थांबून हळूच विचारलं होतं, "यांचं बाहेर काही असेल का हो?" मी त्यांना बसवून सांगितलं की हा विषाणू अतिशय सार्वत्रिक आहे, बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि नाकातल्या गाठीवरून कुणाच्या चारित्र्याचा रिपोर्ट काढता येत नाही. त्या हसल्या. पण सगळेच विचारत नाहीत. न विचारणाऱ्यांचं काय होतं कुणास ठाऊक. मला वाटतं, विषाणूचं नाव लिहिणाऱ्याने त्याच्याबद्दल चार वाक्यं बोलायचीही जबाबदारी घ्यावी.

आणि लस? तीही विचारतात. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर आहे. एचएमएससीमध्ये बहुतांश वेळा सापडतो तो ३३ क्रमांकाचा प्रकार. तो नऊ प्रकारांच्या लसीत आहे, चार प्रकारांच्या नाही. म्हणून मुलींना चार प्रकारांची लस देऊ नये का? अवश्य द्यावी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुढे नाकाची ही गाठ संख्येने काहीच नाही. आमच्या शेजारच्या बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलने आणि टाटाने मिळून धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास केला होता. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यांनी २००९ मध्ये जगाला दाखवलं. एचपीव्हीच्या विषयात आमचा हा दुष्काळी पट्टा जगाच्या पुस्तकात आहे, आणि हे इथल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

गेल्या वर्षी एका ईएनटी सर्जनशी फोनवर माझा वाद झाला. नाकाच्या शंखिकेवरची, म्हणजे आतल्या भिंतीवरच्या हाडाच्या कंगोऱ्यावरची गाठ, दिसायला अडिनॉइड सिस्टिकसारखी, पण वरच्या अस्तरात बिघाड आणि पी-१६ गच्च रंगलेला.

"मॅडम, ऑपरेशन तर दोन्हीत करायचंच आहे. मग आरएनए कशाला? पेशंटचे पैसे जातात, दिवस जातात. योजनेची मंजुरीही अडकलीय."

प्रश्न बिनतोड होता. ऑपरेशन दोन्हीत आहे, बऱ्याचदा पुढे रेडिएशनही दोन्हीत आहे. एचएमएससी आहे म्हणून उपचार कमी करा, असं अजून कुठलंही मार्गदर्शक पुस्तक सांगत नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, डोळ्याच्या हाडाला गाठ चिकटलीय ना? तुम्ही डोळा काढायचा का, याचा विचार करताय ना? तो विचार करताना समोर कोण आहे हे माहीत असलेलं बरं. अडिनॉइड सिस्टिक असेल तर गालाच्या नसेचा कवटीपर्यंत माग काढायला लागेल, रेडिएशनवाले तेवढा भाग घेतील, आणि त्या माणसाला पुढची वीस वर्षं छातीचे स्कॅन करत राहा म्हणून सांगावं लागेल. दुसरी असेल तर नाकात दुर्बीण घालून बघत राहणं महत्त्वाचं. तीच गाठ तिथेच परत येते."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग माझी पाळी असल्यासारखं म्हणाले, "बरं, मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात की आरएनए खराब झालाय."

झाला होता खरा, पण त्याचं कारण तुकड्यातलं हाड होतं. सायनसच्या तुकड्यात हाडाच्या कपच्या असतातच. त्या कापता याव्यात म्हणून तुकडा आम्लात ठेवून मऊ करावा लागतो, आणि कडक आम्लात आरएनएचा चुरा होतो. मग ईबर काय आणि एचपीव्ही काय, सगळं खोटंच निगेटिव्ह यायला लागतं. ईडीटीए या सौम्य रसायनात हळूहळू मऊ केलं तर वाचतं, पण त्याला दिवस लागतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे मऊ भाग वेगळा पाठवणं. शिवाय सलाइनमध्ये नाही, कोरड्या गॉजमध्ये नाही, लगेच फॉर्मॅलिनमध्ये. आणि फॉर्मवर व्यवसाय लिहिणं. तो रकाना कायम कोरा येतो. साठच्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकमच्या फर्निचर कारागिरांच्या नाकात एक वेगळाच, आतड्यासारखा दिसणारा कॅन्सर होतो हे लक्षात आलं, कारण तिथल्या डॉक्टरांनी माणसं काय काम करतात ते विचारलं होतं. आमच्याकडे सुतार आला तरी फॉर्मवर 'पुरुष, ५८' एवढंच.

शेवटी ठरलं ते असं: हाड एका डबीत, मऊ तुकडा दुसऱ्या डबीत, दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये, फॉर्मवर बाजू आणि व्यवसाय, आणि आरएनएचा निकाल येईपर्यंत माझ्या कागदावर 'अडिनॉइड सिस्टिक' हे शब्द येणार नाहीत. योजनेच्या मंजुरीसाठी 'कार्सिनोमा, पुढील तपासणी चालू' एवढा अंतरिम रिपोर्ट मी त्याच दिवशी द्यायचा.

"आणि पैशांचं?" त्यांनी विचारलं.

"मुलाला पाठवा उद्या माझ्याकडे," मी म्हटलं. "टाटाला ब्लॉक घेऊन जायचाच आहे त्याला, तिथे समाजसेवा विभागात कुणाला भेटायचं ते मी लिहून देते."